लेझीम, ट्रॅफिक आणि दोन चमचे साखर

वाद पेटला तो उशीखाली सापडलेल्या बिस्किटाच्या पुड्यावरून. अर्धा संपलेला, मुंग्या लागलेला पार्ले-जी. उशी दहा वर्षांच्या नातीची, पुडा आबांनी ठेवलेला, आणि चादर झटकताना तो बाहेर काढणारी आत्या चिंचवडच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. मुलीला टाइप 1 मधुमेह असल्याचं कळून दीड वर्ष झालंय आणि तेव्हापासून या घरात दोन पक्ष आहेत. आबांचा पक्ष म्हणतो, साखर चढी राहिली तर राहू दे, पण खाली जाता कामा नये. आत्याचा पक्ष म्हणतो, चढी साखरही तितकीच वैरीण, फक्त ती आवाज करत नाही.

घर माणमधलं. कुटुंब कल्पित आहे. पण टाइप 1 असलेलं मूल ज्या घरात असतं तिथे हा वाद कधी ना कधी होतोच, आणि त्यात येणारी औषधं, संस्था, संशोधनाचे आकडे खरे आहेत. मुळशी तालुक्यातलं हे गाव एके काळी भातखाचरांचं. आता राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा गावाच्या अंगणात आलाय, शिवाजीनगरला जोडणाऱ्या सुमारे 23 किलोमीटरच्या मेट्रो मार्गाचं एक टोक इथे आहे, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकची ख्याती पुण्याबाहेरही पोचली आहे. मधुमेहाच्या गोष्टीत ट्रॅफिकचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण परवाच्या मंगळवारी जे घडलं त्याचा निम्मा वाटा ट्रॅफिकचा होता.

त्या दिवशी शाळेत गणपतीच्या मिरवणुकीसाठी लेझीमचा सराव होता. दीड तास. शाळा नेहमीपेक्षा उशिरा सुटली, पाऊस आला आणि बस हिंजवडीच्या चौकाअलीकडे अडकली. चार वाजताचं खाणं डब्यात तसंच राहिलं, कारण बसमध्ये खायचं नाही हा नियम. पोरगी गप्प होऊन खिडकीला टेकली. बसवाल्या काकांना वाटलं, दमून झोपली. सव्वासहाला घरी आली तेव्हा मीटरवर 61. आबांनी साखरपाणी दिलं, तरतरी आली, जेवली, झोपली. रात्री सव्वादोनला ती झोपेत कण्हायला लागली. उशी घामाने भिजलेली, हाक मारली तर उत्तर भलतंच. मीटरवर 47. आबांनी आधी साखरपाणी पाजलं, मग मध, मग बिस्किटं, वर दूध. सकाळी मीटरवर 312.

"हे 312 कुणी केलं?" आत्याने विचारलं.

"मी केलं. आन पुन्हा करीन," आबा म्हणाले. "312 वर पोरगी शाळंत जाती. 47 वर कुठं जाती ते मला इचारू नको."

आत्या गप्प झाली. नर्स असली तरी या वाक्याला उत्तर देणं सोपं नव्हतं.

आबांची भीती अडाणीपणाची नाही. मेंदू जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजवर चालतो आणि त्याचा साठा करून ठेवणं त्याला जमत नाही. मुलांच्या मेंदूची भूक तर शरीराच्या मानाने मोठ्यांहून अधिक. म्हणून डॉक्टरांनी पायऱ्या आखल्या आहेत. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की सावध व्हायचं, लगेच साखर द्यायची. 54 च्या खाली गेली की ती गंभीर बाब. आणि मूल स्वतःला सावरू शकत नाही, बरळतं, झटके येतात किंवा शुद्ध हरपते, दुसऱ्याने मदत केल्याशिवाय भागत नाही, ती तिसरी पायरी. तिथे आकडा कितीही असो.

खरं तर इन्सुलिनचा इतिहासच साखर खाली जाण्यापासून सुरू होतो. टोरांटोत 1921-22 च्या हिवाळ्यात जेम्स कॉलिप हा रसायनशास्त्रज्ञ नव्या अर्काची चाचणी सशांवर घेत होता. सशांना झटके यायचे, ते आडवे व्हायचे. ग्लुकोज दिलं की उठून बसायचे. इन्सुलिनचं पहिलं माप ठरलं तेही यावरूनच: उपाशी सशाची साखर झटके येण्याइतकी खाली आणायला किती अर्क लागतो. जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला ते औषध टोचलं गेलं आणि ज्या रोगात मुलं वर्षा-दोन वर्षांत जात, त्या रोगात ती जगू लागली. पण सशांच्या पिंजऱ्यात दिसलेली दुसरी बाजू त्या बाटलीतून कधीच वेगळी झाली नाही.

आत्याने पुडा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि खाटेवर बसली. "आबा, तुमच्या म्हणण्याप्रमाणे आपण तिला रोज दोनशे-अडीचशेवर ठेवू. मग?"

"मग काय? खेळंल, खाईल, झोपंल."

"आणि डोळे? मूत्रपिंडं?"

"ते म्हातारपणाचं झालं. माझे कुठं धड हायत?"

"म्हातारपणाचं नाही. पंधरा-वीस वर्षांचं. म्हणजे ही तिशीला येईल तेव्हा. आणि एवढं लांब कशाला, आत्ताचंच बघा. शेजारच्या पोरींच्या रांगेत उभी केली की ही बोटभर बुटकी दिसते. पहिलं वर्ष साखर सतत चढी होती ना?"

यावर आबांनी नातीच्या खोलीकडे पाहिलं. उंचीचा मुद्दा त्यांना नवा होता. फ्रान्सचे पिअर मोरिआक यांनी 1930 मध्येच अशा मुलांचं वर्णन केलं होतं: इन्सुलिन मिळतंय पण पुरेसं नाही, साखर कायम वर, यकृत फुगलेलं, वाढ खुंटलेली. पुण्यात जहांगीर रुग्णालयाशी जोडलेल्या हिराबाई कावसजी जहांगीर मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी भारतीय मुलांच्या वाढीवर आणि टाइप 1 असलेल्या मुलांच्या हाडांवर, उंचीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. उंचीची नोंद ही मधुमेहाच्या फाइलमधली बिनमहत्त्वाची ओळ नव्हे, हे त्या कामाचं सांगणं.

दुसरा पुरावा अमेरिका-कॅनडातला. 1983 ते 1993 अशी दहा वर्षं 1,441 टाइप 1 रुग्णांवर एक मोठी चाचणी चालली. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांची साखर काटेकोर ताब्यात. ज्यांच्या डोळ्यांना सुरुवातीला काही झालेलं नव्हतं, त्यांच्यात काटेकोर गटात दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला. मूत्रपिंडं आणि मज्जातंतूही बचावले.

"बघा," आत्या म्हणाली.

"पुढचं सांग की," आबा म्हणाले. डॉक्टरांकडे मागच्या खेपेला हे सगळं त्यांनीही ऐकलं होतं. "ताब्यातल्या गटात काय झालं?"

पुढचं आबांच्या बाजूचं होतं. काटेकोर गटात गंभीररीत्या साखर खाली जाण्याचे प्रसंग तिप्पट झाले. जगभरच्या आईबापांच्या मनात हा तिप्पटचा आकडा पुढची वीस वर्षं घर करून राहिला. मात्र ती चाचणी जुन्या इन्सुलिनांवर, सेन्सर येण्याआधीच्या काळात झाली. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या हजारो मुलांच्या 1995 ते 2012 च्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की तीन महिन्यांची सरासरी साखर कमी आणि झटके जास्त हे नातं वर्षागणिक सैल होत गेलं. नवी इन्सुलिनं, वारंवार तपासणी आणि घरच्यांना दिलेलं शिक्षण, ही त्याची कारणं सांगितली जातात.

"म्हणजे साखर खाली जाती ती चांगल्या ताब्यामुळं नाय?" आबांनी विचारलं.

"मंगळवारी कशामुळे गेली ते सांगा."

आबांनी बोटं मोडली. लेझीम एक. डबा राहिला, दोन. बस अडकली, तीन.

"तुम्ही पाण्याची पाळी धरत होतात ना भाताला?"

"धरायचो."

"इन्सुलिन म्हणजे सोडलेलं पाणी. एकदा टोचलं की परत बोलावता येत नाही. सकाळी डोस देताना आपण गृहीत धरतो, की चारला ती खाईल. इन्सुलिन घड्याळ बघून पुढे निघतं. खाणं मात्र हिंजवडीच्या चौकात अडकतं."

"आन लेझीमनं बांधच फुटला."

"फुटलाच. आणि तो रात्री दोनलाही फुटलेलाच होता."

आबांना न पटणारी गोष्ट हीच होती. लेझीम चारला संपली, संध्याकाळी साखर सुधारली, मग रात्री दोनला पुन्हा का? पण व्यायामाचं कर्ज असंच उशिरा वसूल होतं. खेळताना स्नायू आपल्यातली साठवलेली साखर वापरतात. मग पुढचे कित्येक तास, कधी रात्रभर, ते रक्तातून साखर ओढून तो साठा भरत राहतात. त्या काळात इन्सुलिनचा परिणामही वाढलेला असतो. दुपारच्या खेळानंतरची रात्र म्हणूनच धोक्याची. त्यात आणखी एक खोच. साखर एकदा खाली गेली, की पुढचा सुमारे एक दिवस शरीराचा पहारा ढिला पडतो. साखर पुन्हा उतरताना घाम, थरथर, धडधड हे इशारे उशिरा किंवा मंद येतात. सव्वासहाचं 61 हे रात्रीच्या 47 चं अर्धं कारण होतं. असे प्रसंग वारंवार आले तर काही मुलांना उतरलेली साखर जाणवतच नाही, आणि तशी मुलं सगळ्यांत जास्त जोखमीत असतात.

"म्हणून म्हणतो, लेझीम बंद," आबा म्हणाले. "बाईंनीबी तेच सांगितलंय. बसून टाळ्या वाजव म्हणाल्या."

"आबा, दीड महिना झाला ती घरात झाडू घेऊन लेझीमच्या पायऱ्या करतेय."

"न नाचल्यानं कोण मरत नाय."

"नाचल्यानंही मरत नाही. वसीम अक्रमला 1997 मध्ये टाइप 1 झाला. तिशी गाठलेली होती. त्यानंतर कित्येक वर्षं तो बॉलिंग टाकतच होता, भारताविरुद्धसुद्धा."

"ते मला माहीत हाय," आबा कडवटपणे म्हणाले. त्या सामन्यांची जखम जुनी होती.

बंदी हा शाळांचा सर्वांत सोपा उपाय. मूल खेळलं नाही तर शाळेत पडणार नाही, जबाबदारी मिटली. पण खेळ बंद केलेल्या मुलाची इन्सुलिनची गरज वाढते, वजन वाढतं, आणि ते आपला आजार लपवायला शिकतं. डब्यातली ग्लुकोजची गोळी कुणी पाहू नये म्हणून न खाणारी मुलं डॉक्टरांना नेहमी भेटतात. यात नियमही हळूहळू बदलताहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 मध्ये परिपत्रक काढून दहावी-बारावीच्या टाइप 1 असलेल्या परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविचसारखं खाणं आणि पाण्याची छोटी बाटली परीक्षा केंद्रात न्यायची मुभा दिली. 2023 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने शाळांमध्ये अशा मुलांना साखर तपासणं, इन्सुलिन घेणं आणि मधल्या वेळी खाणं करू द्यावं यासाठी राज्यांना लिहिलं. बसमधल्या डब्याला परिपत्रक लागायला नको होतं. बसवाल्या काकांना एक वाक्य सांगितलेलं असतं तरी पुरलं असतं. ते या घरातून कुणीच सांगितलं नव्हतं, कारण आबांच्या मते आजाराची दवंडी पिटायची नसते.

"पोरीच्या जातीला चिकटतं ते," आबा हळू आवाजात म्हणाले. "उद्या सोयरीक जमवताना..."

"उद्याचं उद्या. मंगळवारी त्या माणसाला वाटलं ती झोपली. त्याला माहीत असतं तर?"

आबांनी उत्तर दिलं नाही. भारतात 20 वर्षांखालची टाइप 1 असलेली मुलं आणि तरुण सुमारे 2.29 लाख असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2021 मध्ये दिला, जगात सर्वाधिक. त्यांतल्या कित्येकांच्या बसवाल्यांना, शेजाऱ्यांना, मामा-काकांनाही काही सांगितलेलं नसतं. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी उभी केलेली ड्रीम ट्रस्ट किंवा छत्रपती संभाजीनगरमधलं डॉ. अर्चना सारडा यांचं उडान अशा संस्था गरीब घरांतल्या मुलांपर्यंत इन्सुलिन आणि शिक्षण पोचवतात. अशा कामात औषधाच्या बाटलीइतकंच वजन लपवाछपवी मोडण्याला असतं.

मग विषय पुन्हा बिस्किटावर आला. आबांना आपली चूक काय ते समजून घ्यायचं होतं. निदान तसं ते म्हणाले.

"साखर खाली गेली तर जे घालायचं ते लवकर रक्तात गेलं पाहिजे," आत्या म्हणाली. "बिस्किटात मैदा आणि तेल. दुधात साय. चॉकलेट, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, सगळ्यांत स्निग्धांश. तो पोटाला रेंगाळायला लावतो. ग्लुकोजची पूड, साखरेचं पाणी, लिमलेटच्या गोळ्या चावून, हे झटकन जातं."

"किती?"

"वजनाच्या किलोला 0.3 ग्रॅम. ती 27 किलोची. किती झाले?"

आबा आयुष्यभर तोंडी हिशेब करत आले होते. "आठ ग्रॅम."

"दोन सपाट चमचे, चहाचे. मग पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. सत्तरच्या खालीच असेल तर पुन्हा दोन. वर आली आणि जेवायला वेळ असेल तर मग तुमचं बिस्किट, अर्धी भाकरी, काय ते."

"पंधरा मिनिटं." आबांनी तो शब्द चावला. "तू थांबशील, पोरगी घामानं भिजलेली समोर बसवून, हातावर हात ठेवून पंधरा मिनिटं?"

इथे नर्स हरली. ड्यूटीवर ती थांबते. घरी ती कधी थांबलेली नाही, हे तिला ठाऊक होतं. घाबरून भरवलेला मध, दूध आणि बिस्किट मिळून सकाळचं 312 होतं, मग ते खाली आणायला जादा डोस, मग दुपारी पुन्हा घसरण. झोक्यासारखी ही साखर घरोघरी दिसते, आणि तिला ढकलणारे हात बहुतेक वेळा मायेचेच असतात.

सेन्सरवरून पुन्हा ठिणगी पडली. दंडाला चिकटणारं रुपयाएवढं यंत्र, 14 दिवस चालणारं, मोबाइलवर दर काही मिनिटांनी आकडा दाखवणारं. आत्याला ते हवं होतं. एकाला चार-पाच हजार रुपये पडतात हे ऐकून आबांनी महिन्याचा हिशेब केला आणि आत्याच्या भावाच्या पगाराशी ताडून पाहिला. तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर.

"मला यंत्र कशाला पायजे? तिचे ओठ पांढरे झाले की मला कळतं. उगाच चिडायला लागली, रेघ वाकडी काढायला लागली, की कळतं."

"रात्री दोनला?"

"रात्री दोनला मी जागाच असतो."

"आणि बसमध्ये?"

आबा थांबले. मग म्हणाले, "यंत्र तरी बसमधी काय करणार? काकांच्या मोबाइलवर वाजणार हाय का?"

दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. सेन्सर रक्तातली नव्हे, तर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. साखर भराभर उतरत असताना तो पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. मूल त्या दंडावर झोपलं तर दाबामुळे खोटाच खालचा आकडा दाखवतो. म्हणून लक्षणं एक सांगत असतील आणि सेन्सर दुसरं, तर बोटाचा थेंब घेऊन मीटरवर पाहायचं. पण सेन्सर उतरणीचा बाण दाखवतो, आणि 75 वर खाली तोंड केलेला बाण हा 75 या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो. 2019 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा अशी, की दिवसातला 4 टक्क्यांहून कमी वेळ साखर 70 च्या खाली असावी आणि 1 टक्क्याहून कमी वेळ 54 च्या खाली. म्हणजे चोवीस तासांत एक तासाच्या आत, आणि त्यातलं फार तर पाव तास. साखर कधीच उतरू नये असं कुणी म्हणत नाही; ती खोल आणि लांब उतरू नये, एवढंच.

सेन्सर परवडत नसेल तरी मीटरच्या चार-पाच पट्ट्या योग्य वेळी वापरल्या तर पुष्कळ काम होतं: खेळाआधी, खेळानंतर, झोपताना आणि लेझीमच्या रात्री दोन-तीनच्या सुमारास. झोपताना शंभराच्या आसपास असेल आणि दुपारी खेळ झालेला असेल, तर सावकाश पचणारं थोडं खाणं. रात्रीचा डोस त्या दिवशी कमी करायचा का, आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यायचं. खेळाआधी मांडीत इन्सुलिन टोचायचं नाही, कारण पळणाऱ्या पायातून ते लवकर रक्तात जातं. लेझीमच्या दिवशी पोट बरं. पण तेही रोज त्याच जागी नाही. एकाच जागी टोचून गाठ आली की तिथून इन्सुलिन मनमानी शोषलं जातं, आणि एक दिवस गाठ सोडून ताज्या कातडीत तोच डोस गेला की साखर कोसळते.

"फ्रीजमधलं दाखवा," आत्या अचानक म्हणाली.

फ्रीजच्या दारात पेनच्या काडतुसांशेजारी जुन्या सिरिंज होत्या. लाल टोपणाच्या. सुरुवातीचे सहा महिने बाटलीतून इन्सुलिन द्यायचे, त्यातल्या उरलेल्या. पेन बिघडलं तर असाव्यात म्हणून आबांनी ठेवलेल्या.

"पेन बिघडलं तर काय करणार होता?"

"काडतुसातून ओढून घेणार. चार युनिट म्हंजे चार रेघा."

आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. भारतात इन्सुलिन दोन तीव्रतांचं मिळतं. बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलिटरला 40 युनिट, पेनच्या काडतुसांत 100. लाल टोपणाची सिरिंज 40 वाली, नारिंगी टोपणाची 100 वाली. लाल सिरिंजच्या चार रेघा म्हणजे मिलिलिटरचा दहावा भाग. काडतुसातलं तेवढं औषध चार नव्हे, दहा युनिट. अडीच पट. 27 किलोच्या मुलीला.

आबांनी सिरिंज हातात घेतल्या, एकेक टोपण पाहिलं. "कुणी सांगितलं नाय."

"मी सांगायला हवं होतं. मी नर्स आहे," आत्या म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

यानंतरचं बोलणं वादासारखं राहिलं नाही. पोरगी शाळेतून आल्यावर तिघं जमिनीवर बसले आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, एक बसवाल्या काकांसाठी, एक बाईंसाठी. मजकुरावर मात्र खडाजंगी झाली. आत्याला सगळ्यात वर 70 हा आकडा हवा होता. आबांचं म्हणणं, काकांना आकडा कशाला, त्यांच्याकडे मीटर आहे का? वर लिही: गप्प झाली, घाम आला, चिडली, झोपाळली, तर झोपली असं समजू नका. त्याखाली: बॅगच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोज, दोन चमचे, बसमध्ये खाऊ द्या. आबा जिंकले. शेवटच्या ओळीवर आत्या अडून बसली: शुद्धीत नसेल, गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, मग आम्हाला.

"साखरपाणीबी नाय? बेशुद्ध असली तरी?"

"तेव्हा तर नाहीच. श्वासनलिकेत जाईल. त्या वेळी ग्लुकागॉनचं इंजेक्शन किंवा दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज." ग्लुकागॉन यकृतातली साठवलेली साखर बाहेर सोडायला लावतं. प्रत्येक मेडिकलमध्ये ते सहज मिळत नाही. डॉक्टरांकडून आधीच चिठ्ठी घेऊन एक कुपी घरात आणून ठेवावी लागते. आत्याने ते काम आपल्या नावावर लिहून घेतलं.

पोरगी इतका वेळ पुठ्ठ्याच्या कडेला स्केचपेनने लेझीम काढत होती. तिने विचारलं, "म्हणजे मी नाचणार ना?"

आबांनी लगेच हो म्हटलं नाही. सरावाआधी केळं, मध्ये एकदा तपासणी, डबा बसमध्ये उघडायचा, आणि कसंतरी वाटलं की रांग सोडून बाहेर यायचं, लाजायचं नाही, अशी चार कलमं त्यांनी तिच्याकडून वदवून घेतली. पाचवं तिने स्वतः घातलं: रात्री उठवलं तर रडायचं नाही.

शुक्रवारी सराव झाला. बस पुन्हा अडकली, पण डबा मारुंजीच्या फाट्यालाच रिकामा झाला. झोपताना 118, म्हणून अर्धी भाकरी आणि वाटीभर डाळ. रात्री सव्वादोनला मोबाइलचा गजर वाजला तेव्हा आबा खाटेवर बसलेलेच होते. आत्याने झोपलेल्या बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर धरला. पाच सेकंद. 131.

"झोपा आता," आत्या म्हणाली.

आबांनी मान डोलावली. आत्या दिवा मालवून गेल्यावर त्यांनी फळीवरून पार्ले-जीचा नवा पुडा काढला, नातीच्या उशीकडे एकदा पाहिलं, आणि तो स्वतःच्या उशीखाली ठेवला.